मोटर शर्यतीतला वाद खेळाला तारतो की मारतो, हे कसे तपासावे

युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे बहुधा संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत त्या वेळी दिवेलागण होत असते आणि शेजारची सात-आठ मुले माझ्या पडवीत येऊन बसलेली असतात. शर्यत दोन तासांत संपते, पण तिच्यात काही वादग्रस्त घडले असेल तर बोलणे बुधवारपर्यंत चालते. त्या बोलण्यात दोनच मते पुन्हा पुन्हा येतात. एक जण म्हणतो की वाद होतात म्हणून तर लोक शर्यती पाहतात, आणि दुसरा म्हणतो की असल्या प्रकारांनी या खेळाची अब्रू गेली. दोघेही एकाच प्रसंगाबद्दल बोलत असतात आणि दोघांपैकी कोणीही तो प्रसंग नीट तपासलेला नसतो.

तो कसा तपासावा, याची मी स्वतः वापरतो ती पद्धत येथे देत आहे. तिच्यामागचे माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ते ताडून पाहता येईल. भांडणाने व्यावसायिक मोटर शर्यतीचे फारसे नुकसान होत नाही, उलट पुष्कळदा तिचा प्रेक्षक वाढतो. नुकसान होते ते निकाल ट्रॅकबाहेर कोठेतरी ठरला असा संशय प्रेक्षकाच्या मनात बसला आणि तो कोणी वेळेवर दूर केला नाही तेव्हा. त्यामुळे प्रत्येक वादात शोधायची गोष्ट एकच असते, ती म्हणजे हा संशय कोठे निर्माण झाला आणि त्याचे पुढे काय केले गेले.

साधने फार लागत नाहीत. एक वही घ्यावी आणि प्रत्येक वादासाठी एक पान ठेवून त्यावर चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात नेमके काय घडले ते, दुसऱ्यात त्याचा निकालावर झालेला परिणाम, तिसऱ्यात निर्णय कोणी, कधी आणि काय कारण देऊन दिला ते, आणि चौथ्यात त्यानंतर काय बदलले ते लिहावे. शर्यत संपल्यावर लगेच लिहायला बसू नये. एक रात्र जाऊ द्यावी, कारण पहिल्या रात्री आपण आवडत्या चालकाचे वकील असतो.

पहिला रकाना: घडलेले तेवढेच लिहावे

मोबाइलवर फिरणारी दहा सेकंदांची चित्रफीत पाहून हा रकाना भरू नये. टक्कर असेल तर तिच्याआधीचे निदान अर्धे मिनिट पाहावे, आणि शक्य असल्यास दोन्ही गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांतून पाहावे, कारण बाहेरच्या कॅमेऱ्यातून गाडी आत घुसल्यासारखी दिसते तेव्हा आतल्या कॅमेऱ्यात पुष्कळदा तिला जागा सोडलेली दिसते. संघाच्या रेडिओवरचे वाक्य ऐकले असेल तर ते कोणत्या फेरीत बोलले गेले ते लिहावे, कारण प्रक्षेपणात असे संभाषण बहुधा काही वेळाने ऐकवले जाते.

त्यानंतर वादाचा प्रकार ठरवावा. ट्रॅकवर दोन चालकांत झालेली झटापट हा एक प्रकार आहे. नियमाचा अर्थ लावण्यातला मतभेद हा दुसरा, आणि ठरवून केलेली फसवणूक हा तिसरा. चौथा प्रकार कारभाराचा, म्हणजे कर, करार, परवाने आणि पैसा यांचा आहे, आणि त्याकडे प्रेक्षकाचे लक्ष सर्वांत कमी जाते. एखाद्या व्यक्तीच्या खासगी वागण्याबद्दलचे आरोप मी या वहीत घेत नाही. त्यांची चौकशी ज्यांनी करायची त्यांनी करावी, कारण शर्यतीच्या निकालाशी त्यांचा बहुधा संबंध नसतो.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी डेटोना ५०० ही नॅसकारची, म्हणजे तिथल्या स्टॉक कार शर्यतींच्या मालिकेतली, शर्यत प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखवली गेली. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात मोठी हिमवृष्टी झाल्यामुळे असंख्य लोक घरातच होते. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेले डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो एकमेकांवर आदळून बाहेर गेले, अर्धी फेरी मागे असलेला रिचर्ड पेटी पुढे येऊन जिंकला, आणि ट्रॅकच्या कडेला यारबरो व ॲलिसन बंधू यांच्यात हाणामारी झाली. दक्षिणेकडच्या राज्यांचा खेळ समजल्या जाणाऱ्या नॅसकारला देशभर ओळख मिळाली ती याच दिवसापासून, असे सर्रास मानले जाते.

येथे थांबून दुसरा रकाना भरावा. हाणामारी झाली, पण निकालाला कोणाचा हात लागला नाही. पेटी सर्वांच्या डोळ्यांदेखत पहिला आला, टक्कर का झाली तेही सर्वांनी पाहिले आणि कोणाच्या मनात शंका उरली नाही. आपल्याकडे शक्ती-तुऱ्याच्या बारीला माणसे पहाटेपर्यंत बसतात ती समोरासमोरच्या सवाल-जवाबासाठी. शक्तीवाल्याने तुरेवाल्याला कवनातून कितीही झोंबणारे बोल लावले तरी बारी मोडत नाही, कारण उत्तर त्याच मंडपात, त्याच ढोलकीवर द्यायचे असते. डेटोनाचे भांडण असे मंडपातले होते.

दुसरा रकाना: निकाल कोठे ठरला

हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो भरताना सर्वाधिक वेळ घ्यावा.

२८ सप्टेंबर २००८ रोजी सिंगापूरला फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत झाली. रेनो संघाचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या क्रमांकावरून सुटला होता आणि बाराव्या फेरीतच इंधन व टायर घेण्यासाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या थांब्यावर, आला, जे त्या वेळी फार लवकर होते. त्यानंतर दोनच फेऱ्यांनी त्याचा सहकारी नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला आणि सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सर्वांना संथ वेगात आपल्यामागे ठेवणारी गाडी, बाहेर आली. त्या काळच्या नियमाप्रमाणे सेफ्टी कार आली की गाड्या तिच्यामागे एकत्र येईपर्यंत पिट बंद राहत असे. त्यामुळे पुढे असलेल्यांना थांबून राहावे लागले, अलोन्सो मात्र आपले काम उरकून बसला होता, आणि शेवटी तोच जिंकला. आघाडीवर असलेल्या फेलिपे मासाच्या गाडीला पिटमधून सोडताना इंधनाची नळी गाडीलाच अडकून राहिली, आणि तो गुणांच्या बाहेर, तेराव्या क्रमांकावर फेकला गेला. मोसमाच्या अखेरीस लुईस हॅमिल्टन मासाला ९८ विरुद्ध ९७ अशा एका गुणाने मागे टाकून विश्वविजेता झाला.

पुढच्या वर्षी रेनोने पिकेला मोसमाच्या मध्यावर काढले, तेव्हा त्याने ती धडक संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम केली होती असे उघड केले. २१ सप्टेंबर २००९ रोजी एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने रेनो संघाला निलंबित स्वरूपाची अपात्रतेची शिक्षा दिली. संघप्रमुख फ्लावियो ब्रियातोरे याला बेमुदत आणि अभियांत्रिकी प्रमुख पॅट सायमंड्स याला पाच वर्षे खेळाबाहेर ठेवण्याचे ठरले. त्याच आठवड्यात मुख्य प्रायोजक आयएनजीने करार तोडला. जानेवारी २०१० मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने या दोघांवरची बंदी रद्द केली.

या पानावर काय लिहावे? अपघाताची बातमी जगभर गेली, म्हणून प्रसिद्धी मिळाली असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. या प्रकाराने प्रेक्षकाच्या मनात असा प्रश्न घातला की आपण पाहत असलेला प्रत्येक अपघात खरा आहे का, आणि असा प्रश्न एकदा आला की त्यानंतरची प्रत्येक सेफ्टी कार संशयाच्या नजरेने पाहिली जाते. शिवाय शर्यत आणि शिक्षा यांच्यात जवळजवळ एक वर्ष गेले, तोवर मोसमाचे विजेतेपद देऊन झाले होते आणि सिंगापूरचा निकाल कागदावर तसाच राहिला.

नियम मोडला गेला नसला तरी हा रकाना वाईट भरू शकतो, हेही लक्षात ठेवावे. १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात फेरारीचा रुबेन्स बारिकेलो शर्यतभर पुढे होता, आणि संघाच्या आदेशामुळे त्याने अंतिम रेषेजवळ वेग कमी करून सहकारी मायकेल शूमाखरला पुढे जाऊ दिले. संघाने असा आदेश देण्याला त्या वेळी बंदी नव्हती. शूमाखरला त्या गुणांची निकडही नव्हती, कारण त्याने पुढे जुलैमध्येच विजेतेपद निश्चित केले. प्रेक्षकांनी केलेला धिक्कार एवढा मोठा होता की शूमाखरने पोडियमवर बारिकेलोला सर्वांत वरच्या पायरीवर उभे केले, आणि दहा लाख डॉलरचा दंड झाला तोही पोडियमवरच्या या अदलाबदलीसाठी. नियमपुस्तकात गुन्हा नसलेली गोष्टही लोकांना लागली, कारण कष्ट एकाने केले होते आणि फळ दुसऱ्याला रेडिओवरून दिले गेले होते.

याच्या उलट २००७ चे प्रकरण पाहावे. फेरारीची सुमारे ७८० पानांची तांत्रिक कागदपत्रे मॅक्लारेनच्या मुख्य डिझायनरकडे सापडली. त्याच्या पत्नीने ती प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात दिली आणि तिथल्या कर्मचाऱ्याने फेरारीला कळवले, म्हणून हे उजेडात आले. मॅक्लारेनला दहा कोटी डॉलरचा दंड झाला आणि संघांच्या विजेतेपदातून तो संघ बाद झाला. चालकांचे गुण मात्र तसेच ठेवले गेले. त्या वर्षी किमी रायकोनेन ११० गुणांनी जिंकला आणि मॅक्लारेनचे हॅमिल्टन व अलोन्सो दोघेही १०९ वर राहिले. चोरी मोठी होती, तरीही त्या मोसमाने प्रेक्षक गमावले असे मला वाटत नाही. शिक्षा मोसम चालू असतानाच झाली, आकडा सर्वांना कळला, आणि शेवटच्या शर्यतीपर्यंत तिघांना जिंकण्याची संधी आहे हे दिसत राहिले.

हा रकाना भरताना एक चाचणी मी मुलांकडून हमखास करून घेतो. चालकांची नावे अदलाबदल करून तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावतो. हॅमिल्टनच्या जागी वेर्स्टापन आणि वेर्स्टापनच्या जागी हॅमिल्टन घातल्यावरही मत तेच राहिले, तरच ते वहीत लिहायचे.

तिसरा रकाना: निर्णयाचा कागद वाचावा

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक शर्यतीच्या दिवसांत स्टुअर्डांचे, म्हणजे शर्यतीच्या पंचांचे, निर्णय कागदावर येतात आणि एफआयएच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. गाडीचा क्रमांक, चालक, संघ, वेळ, वस्तुस्थिती, मोडलेला नियम, निर्णय आणि शेवटी कारण असा त्यांचा क्रम असतो. नवख्याने शेवटून सुरुवात करावी आणि कारण आधी वाचावे. स्टुअर्डांनी कोणती दृश्ये पाहिली, कोणाचे म्हणणे ऐकले आणि कोणती बाब हलकी अथवा गंभीर मानली, ते तेथे कळते. निर्णय चुकीचा वाटला तरी कारण लिहिलेले असेल तर त्याच्याशी वाद घालता येतो, आणि असा वाद खेळाला पोसतो असे माझे ठाम मत आहे.

शिक्षेची मोजणीही उघड असते. चालकाच्या परवान्यावर बारा महिन्यांत बारा दंडगुण जमा झाले तर तो एका शर्यतीला मुकतो, आणि २०२४ साली केविन मॅग्नुसन याच कारणाने बाकूच्या शर्यतीला मुकला. हे गणित माझ्या पडवीतला नववीतला मुलगाही करतो, त्यामुळे बंदी आली तेव्हा कोणालाही धक्का बसला नाही.

कागदाचे मोल मला शर्यतीच्या आधी शेतात कळले होते. आमच्याकडे पावसाळ्यात नांगरणी स्पर्धा होतात. चिखलातून बैलजोडी कमीत कमी वेळात फेरी पूर्ण करते ती जिंकते, आणि गावठी व घाटी बैलांचे गट वेगळे असतात. मी अनेक वर्षे घड्याळ धरायला बसतो. एका गावात एके वर्षी दोन घड्याळांत फरक पडला. दोन्ही वेळा तेथेच सांगण्याऐवजी आयोजकांनी संध्याकाळी चार माणसांत बसून पहिले बक्षीस ठरवले. त्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही, मला तसे वाटतही नाही. पण पुढच्या वर्षी त्या स्पर्धेला लांबच्या जोड्या आल्या नाहीत. बैलांना टेम्पोत घालून आणायचा खर्च करणारा माणूस निकाल चावडीत ठरणार असेल तर येत नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर फेरारीच्या इंजिनाबाबत झाली. २०१९ च्या मोसमात त्या इंजिनाबद्दल प्रतिस्पर्ध्यांना शंका होती. एफआयएने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, तडजोड झाली असून तिचा तपशील गुप्त राहील, असे जाहीर केले. सात संघांनी एकत्र येऊन उघड आक्षेप घेतला. २०१९ मध्ये दुसरा असलेला फेरारी संघ २०२० मध्ये सहावा आला. आता यातून कोणीही काहीही अर्थ काढू शकतो आणि कोणालाही खोडून काढता येत नाही. याच्या शेजारी रेड बुलच्या २०२१ च्या खर्चमर्यादेचे पान ठेवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या संघाला ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि वायुगतिकीच्या चाचण्यांच्या वेळेत १० टक्के कपात झाली, व मर्यादा किती ओलांडली तो आकडाही छापला गेला. शिक्षा कमी की जास्त यावर लोक आजही भांडतात, पण भांडण एका छापील आकड्यावर आहे.

अबू धाबीचे पान

१२ डिसेंबर २०२१ च्या शर्यतीला वहीत एक पान पुरत नाही, म्हणून तिच्याबद्दल वेगळे लिहितो. हॅमिल्टन आणि मॅक्स वेर्स्टापन त्या दिवशी समसमान ३६९.५ गुणांवर आले होते. ५८ पैकी ५३ व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीला धडकली आणि सेफ्टी कार आली. आघाडीवरचा हॅमिल्टन जुन्या टायरवर राहिला आणि वेर्स्टापनने नवे टायर घेतले. एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ देणार नाही असे आधी कळवले गेले. नंतर शर्यतीचे संचालन करणारे रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी फक्त त्या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे सोडले, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि त्याच फेरीअखेर सेफ्टी कार आत घेतली. नियमाप्रमाणे ती आणखी एका फेरीनंतर आत यायला हवी होती. शेवटच्या फेरीत वेर्स्टापन पुढे गेला आणि विश्वविजेता झाला.

या प्रसंगाने खेळाचे भले झाले असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. त्या रात्री शर्यतीत कधी रस न घेतलेली माणसेही पडद्यासमोर होती. पण मी मुलांना विचारतो की ती माणसे कशामुळे आली होती. ती २१ शर्यतींनंतर गुण समान राहिले म्हणून आली होती, आणि ती चुरस दोन चालकांनी वर्षभर ट्रॅकवर निर्माण केली होती. शेवटच्या दहा मिनिटांतल्या निर्णयाने त्या चुरशीचा निकाल एका अधिकाऱ्याच्या हातात गेला. वेर्स्टापनने नियमाबाहेर काहीच केले नव्हते, तरी त्याच्या पहिल्या विजेतेपदावर आजही प्रश्न विचारला जातो. जिंकणाऱ्याचे आणि हरणाऱ्याचे एकाच वेळी नुकसान करणारा असा दुसरा निर्णय मला आठवत नाही.

पुढचा भाग मात्र वहीत चांगल्या अक्षरांत लिहावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना त्या पदावरून हटवले गेले. संघप्रमुखांनी थेट रेस डायरेक्टरशी रेडिओवर बोलायचे, ही पद्धत बंद झाली. मार्चमधल्या अहवालात मानवी चूक झाल्याचे एफआयएने मान्य केले, पण निकाल कायम राहील असेही सांगितले. नियमातली शब्दरचना बदलून मागे पडलेल्या ‘सर्व’ गाड्या असे स्पष्ट केले गेले.

चौथा रकाना: काय बदलले, आणि बदल टिकला का

हा रकाना घाईने भरता येत नाही. अबू धाबीनंतरच्या बदलाची परीक्षा ११ सप्टेंबर २०२२ ला मॉन्झा येथे झाली. आमच्या वाडीत त्या वेळी एका घरचा एकवीस दिवसांचा गणपती अजून बसलेला होता आणि आरती झाल्यावर आम्ही शर्यत लावली, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात आहे. डॅनियल रिकार्डोची गाडी ५३ पैकी ४७ व्या फेरीत बंद पडली, सेफ्टी कार आली, आणि सर्व पायऱ्या नियमाप्रमाणे करेपर्यंत शर्यत तिच्याच मागे संपली. इटलीतल्या प्रेक्षकांनी धिक्कार केला. पडवीतली मुलेही चिडली. मी त्यांना सांगितले की शेवट रटाळ झाला हे खरे आहे, पण आज कोणी कोणाला जिंकवले असे तुमच्यापैकी एकही म्हणत नाही, हे वहीत लिहा.

काही बदल टिकत नाहीत, तेही नोंदवावे. ऑस्ट्रियानंतर निकालावर परिणाम करणाऱ्या संघ-आदेशांवर बंदी आली, पण संघ सांकेतिक वाक्ये वापरू लागले. २०१० साली जर्मनीतल्या शर्यतीत फेरारीच्या मासाला, तोवर त्याचा सहकारी झालेल्या अलोन्सोसाठी, ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ असे सांगून मागे घेतले गेले. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, पण विजय तसाच राहिला. अंमलात आणता न येणारा तो नियम २०११ पासून काढून टाकला गेला, आणि माझ्या मते ते योग्य झाले, कारण उघड दिलेला आदेश लपवून दिलेल्या आदेशापेक्षा बरा.

तिकीट काढणाऱ्याचा हिशेब

रकाने भरून झाले की पानाच्या तळाशी एक ओळ ट्रॅकवर गेलेल्या प्रेक्षकासाठी ठेवावी. १९ जून २००५ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला मिशेलिन या कंपनीचे टायर एका बाजूला कललेल्या तेराव्या वळणावर सुरक्षित नसल्याचे आढळले. तेथे तात्पुरते वळण घालण्याची सूचना एफआयएने मानली नाही, आणि मिशेलिनचे टायर लावलेल्या १४ गाड्या पहिल्या संथ फेरीनंतर पिटमध्ये निघून गेल्या. लाखाच्या घरातल्या प्रेक्षकांसमोर सहा गाड्या धावल्या. मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत करण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षीची २०,००० तिकिटे विकत घेऊन वाटायचे ठरवले. पैसे परत करणे हा संशय मिटवण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे आणि तो फार क्वचित वापरला जातो.

आपल्यासाठी या शर्यतीला आणखी एक बाजू आहे. जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन त्या दिवशी चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाने मिळवलेले ते पहिले गुण आणि कार्तिकेयनच्या कारकिर्दीतले एकमेव. त्याने गाडी शेवटपर्यंत नीट नेली, त्यात त्याचा काहीच दोष नव्हता, तरी देशाला त्या गुणांचा मोकळेपणाने आनंद करता आला नाही. वादाचे नुकसान कधी कधी असे एखाद्या निर्दोष माणसाच्या खात्यावर पडते.

२९ ऑगस्ट २०२१ ला बेल्जियममध्ये लोक पावसात तीन तासांहून अधिक बसले, गाड्या थोड्या फेऱ्या सेफ्टी कारमागे फिरल्या, निकाल पहिल्याच फेरीचा धरला गेला आणि अर्धे गुण वाटले गेले. सेफ्टी कारशिवाय निदान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण द्यायचे नाहीत, हा नियम त्यानंतर आला. कोकणातल्या माणसाला पावसाचे कारण पटते. न झालेल्या शर्यतीचे गुण वाटणे पटत नाही.

कारण चिकटवण्यापूर्वी

वाद झाला आणि नंतर काही वाढले किंवा घटले, एवढ्यावरून संबंध जोडू नये. रेनोने डिसेंबर २००९ मध्ये संघातला मोठा हिस्सा विकला, हे सिंगापूर प्रकरणामुळे झाले असे सहज लिहिले जाते. पण होंडा २००८ च्या अखेरीस आणि बीएमडब्ल्यू व टोयोटा २००९ मध्ये बाहेर पडले होते, आणि त्यांनी कोणाची गाडी भिंतीवर आदळवली नव्हती. जगभर मंदी होती. तसेच अबू धाबीमुळे अमेरिकेत खेळ वाढला असे म्हणणाऱ्याला सांगावे की मायामीची शर्यत एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे अबू धाबीच्या आठ महिने आधीच जाहीर झाली होती. इंडियानापोलिसची शर्यतही २००५ नंतर लगेच बंद पडली नाही. ती २००७ पर्यंत झाली आणि मग पैशाच्या बोलणीत अडकली.

संबंध खरोखर जोडता येतो तो प्रायोजकाने स्वतः कारण सांगितले तर. सप्टेंबर २०१३ मध्ये रिचमंडच्या नॅसकार शर्यतीत मायकेल वॉल्ट्रिप रेसिंग या संघाने निकाल वळवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल तीन लाख डॉलर दंड झाला आणि त्यांचा मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर अंतिम टप्प्यातून वगळला गेला. त्यांच्या नापा या प्रायोजकाने त्या प्रकरणानंतर मोसमाअखेर साथ सोडली, आणि २०१५ च्या शेवटी संघ बंद झाला.

आवाज न करणारे नुकसान

वहीतली शेवटची काही पाने चौथ्या प्रकारासाठी, कारभाराच्या वादांसाठी राखून ठेवावीत, कारण भारतातल्या मोटर शर्यतीचे खरे नुकसान तेथेच झाले आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्यांत कोणी मुद्दाम धडक मारली नाही, कोणी कागद चोरले नाहीत. शर्यत खेळ की करमणूक, कर कोणी आणि किती भरायचा, या वादांत ती थांबली. उत्पन्नावरच्या कराचा प्रश्न २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तोवर ट्रॅकवर सुमारे साडेतीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली नव्हती. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली आणि सरकार बदलल्यावर २०२४ ची शर्यत महिनाभर आधी रद्द झाली.

आपल्या किनाऱ्यावर हे समजायला सोपे आहे. अलिबाग-मुरुडकडे पुळणीवर होणाऱ्या बैलगाड्यांच्या शर्यतींत पहिला कोण यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, आणि त्या भांडणांनी एकही मोसम बंद पाडला नाही. शर्यती बंद पडल्या त्या मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, बैलांच्या हालांच्या प्रश्नावर, आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालूनच पुन्हा सुरू झाल्या. म्हणून एखादा वाद मोठ्याने चालू असेल तर फार घाबरू नये, आणि एखादा प्रश्न कोणी विचारतच नसेल तर तो आधी तपासावा.

नांगरणी स्पर्धेत आम्ही आता दोन्ही घड्याळांच्या वेळा शेताच्या बांधावरच्या फळ्यावर लगेच लिहितो आणि फरक पडला तर दोन्ही जोडीमालकांसमोर जोडी पुन्हा सोडतो. चौथा रकाना पुढच्या मोसमाची पहिली शर्यत होईपर्यंत रिकामा ठेवायचा, असा पडवीतला नियम आहे. सिंगापूरच्या पानाला मला तीनदा कागद जोडावा लागला: २०१० मध्ये बंदी रद्द झाली तेव्हा, २०२४ मध्ये मासाने लंडनच्या न्यायालयात दावा लावला तेव्हा, आणि त्याच वर्षी ब्रियातोरे त्याच रेनोच्या अल्पीन संघात सल्लागार म्हणून परतला तेव्हा. त्या पानाखाली अजून जागा सोडलेली आहे.